न विचारता भरलेला फॉर्म

माझ्या मोठ्या जावेचा फॉर्म मी घरच्या सपरीत, दारापुढच्या ओसरीत बसून भरला आणि तिला एकही प्रश्न विचारला नाही. ती समोरच अंगणात तांदूळ पाखडत होती. मान वर केली असती तर दिसली असती. मी मान वर केली नाही. तिचं वय, तिची कंबर, तिच्या सवयी, तिचं माहेर, सगळं आपल्याला ठाऊक आहे असं मी धरून चालले. एका घरात एकोणीस वर्षं काढली होती आम्ही.

मी गावची आशा कार्यकर्ती आहे. तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना रस्त्यावरच आमचं गाव लागतं. तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आम्हाला भरायचा असतो. वय किती, खर्रा-तंबाखू खाता का, दारू रोजची आहे का, कंबर किती सेंटिमीटर, अंगाला मेहनत किती, आईबाप किंवा भावाबहिणींपैकी कोणाला बीपी, शुगर, हार्टचा त्रास होता का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी उपकेंद्रात न्यायचं. चारच्या खालच्यांचंही बीपी मोजायचंच असतं, फक्त त्यांची घाई नसते. ट्रेनिंगमध्ये हे पुन्हापुन्हा सांगितलं होतं. पण ज्याची घाई नाही ते काम आमच्या हातून होतं कधी?

गावात हे काम मला छान जमू लागलं होतं. सुरुवातीला बायका कंबर मोजू देत नव्हत्या, हसत सुटायच्या, दार लावून घ्यायच्या. बाप्यांची कंबर मी त्यांच्याच बायकोच्या हातात टेप देऊन मोजून घ्यायची आणि आकडा लिहायची. कोणी खर्रा तोंडात ठेवूनच सांगायचा की आपण खर्रा खात नाही. मी त्याच्याकडे नुसती बघत बसले की तो उठून अंगणाच्या कडेला थुंकून यायचा आणि खरं सांगायचा. लोक मला बीपीवाली बाई म्हणायला लागले होते. मला ते आवडायचं. उपकेंद्रातल्या मॅडम, म्हणजे आमच्या समुदाय आरोग्य अधिकारी, मिटींगमध्ये इतरांना माझे फॉर्म दाखवायच्या.

हे काम मला मिळालं ते जावेमुळेच. गावात आशा निवडायची तेव्हा मी बारावी झालेली एकटीच सून होते, पण सासू काही केल्या तयार नव्हती. सून गावभर दारोदार फिरणार, तर घरचं कोण करणार, असं तिचं म्हणणं. तेव्हा जाऊ चुलीपुढून उठली नाही, मागे वळलीही नाही. तिथूनच म्हणाली, "जाऊ द्या तिले. घरचं मी पाहीन."

आणि तिने ते पाहिलं. माझी मुलं तिच्या हातची जेवली. दोन एकराचं धान आहे आमचं गावतळ्याखाली, त्याचा रोवणा, निंदण, कापणी सगळं तिनेच केलं. भासरे, म्हणजे तिचे मालक, तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलतात, सकाळच्या पहिल्या बसने जातात. माझे मालक गवंडीकामावर. म्हणजे दिवसभर घर, म्हशी, आजारी सासू आणि शेत हे तिच्यावर, आणि मी खांद्याला पिशवी अडकवून लोकांच्या तब्येती विचारत फिरते. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. सकाळचा उरलेला भात, वर मीठ, वाळवलेल्या मासळीची चटणी, बस. मी घरोघर सांगत फिरायची की मीठ कमी खा. तिला कधी सांगितलं नाही. तिच्या ताटात दुसरं होतं काय की त्यातलं मी कमी करू?

अंगाने ती काडीसारखी. तिला बघून कोणी बीपी मनात आणलं नसतं. वयाचा एक गुण लिहिला, बाकी सगळीकडे शून्य. बेरीज एक. माझ्या सगळ्या गठ्ठ्यात त्याहून कमी गुणांचे फॉर्म फक्त तरण्या लोकांचे होते.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिचं डोकं दुखायला लागलं. मानेच्या मागून निघतं आणि वर चढतं, म्हणायची. मला आशाच्या पेटीत पॅरासिटामॉल मिळतात, त्यातली एक तिला दिली. आठवड्याने आणखी एक. मग ती स्वतःच हात पुढे करायची आणि मी गोळी ठेवायची, बोलणंही लागायचं नाही. उन्हात वाकून राबते म्हणून दुखत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कोणी बाईने मानेमागून डोकं दुखतं म्हटलं असतं तर मी तिला हाताला धरून उपकेंद्रात नेलं असतं. नेलेलंही आहे.

एकदा संध्याकाळी म्हशीचं दूध काढता काढता ती म्हणाली, "माह्यं बी पाहून घेशील एखाद्या दिवशी."

मी म्हटलं, गुरुवारी चला. गुरुवारी आमच्याकडे बीपीचा दिवस असतो. गुरुवार आला तेव्हा ती कापणीवर निघून गेली होती. पुढचा गुरुवारही तसाच गेला. मी तिला पुन्हा म्हटलं नाही, आणि तिनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यानंतरचा गुरुवार. मी उपकेंद्राच्या ओट्यावर बायकांची रांग लावून बसले होते. आत मॅडम मोजत होत्या, मी बाहेर कार्डांवर आकडे उतरवून घेत होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. आमच्या शेजारच्या बांधीत कापणीला असलेली एक बाई पदर खोचलेली तशीच पळत आली. दम लागला होता तिला. तुझ्या जावेचा इळा हातातून पडला, म्हणाली, उचलायला वाकली तर उचलता येईना, आणि बांधाच्या धुऱ्यावर बसली ती बसलीच. उलटी झाली तिला. बोलणं समजत नाही.

मी धावले. मॅडमही मशीन घेऊन मागोमाग आल्या. उपकेंद्रापासून आमचं शेत दहा मिनिटांचं असेल. जाऊ धुऱ्यावर कलंडलेली, डोकं एका बाईच्या मांडीवर. तोंड डावीकडे ओढलं होतं. उजवा हात गवतावर असा पडला होता की तो तिचा वाटतच नव्हता. मला बघून तिने काही तरी म्हटलं, पण शब्द निघाला नाही, नुसता घशातला आवाज.

मॅडमनी तिथेच, कापलेल्या धानाच्या पेंढ्यांमध्ये बसून तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला दोनशे वीसच्या वर. त्यांनी हवा सोडली, थोडं थांबून पुन्हा मोजलं. तेवढाच. मग कार्ड काढून मला विचारलं, "यांचं आधीचं रीडिंग काय आहे?"

मी म्हटलं, नाही आहे.

"घरच्या आहेत ना तुमच्या?"

 मॅडमनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. मी तिचा तो हात उचलून पोटावर ठेवत होते आणि तो पुन्हा घसरत होता. चार बायकांनी उचलून तिला रस्त्यापर्यंत आणलं तेव्हाही मी तो हात धरूनच होते.

तुमसरला नेलं, तिथून भंडाऱ्याला पाठवलं. गाडीत मी तिच्या उशाशी होते. मला सगळं पाठ होतं, झटका आल्यावर माणसाला कसं झोपवायचं, तोंडात पाणी का घालायचं नाही, किती वेळात पोचलं पाहिजे. मी तेच मनात म्हणत होते आणि वाट संपत नव्हती. रस्त्यात तिने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काही नाही होत बाई, आता पोचलो. मला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.

भंडाऱ्याला डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्त सांडलं आहे, आणि बीपी आजकालचं नाही, बऱ्याच दिवसांचं असणार. त्यांनी तिच्या माहेरची विचारपूस केली. तिचा भाऊ मोहाडीकडच्या गावाहून तोवर आला होता. तो म्हणाला, आमची माय अशीच गेली. चुलीपुढं बसली होती, भाकर थापता थापता कलंडली, तिसऱ्या दिवशी गेली. वय हेच, पंचेचाळीस-सत्तेचाळीस. त्यानंतर मावशीही तशीच. तेव्हा कोणी बीपी म्हटलं नाही, गावातल्या लोकांनी बाहेरचं काही लागलं असं म्हटलं, आणि आम्हीही तेच म्हणत आलो.

जावेची माय लवकर गेली एवढंच मला माहीत होतं. कशाने गेली, हे एकोणीस वर्षांत मी कधी विचारलं नाही.

त्याच दिवशी नर्सबाईने तिचं लुगडं बदलून माझ्या हातात दिलं. कमरेला खोचलेल्या गाठीत एक चपटी डबी होती. उघडली तर गुडाखू, गुळात कालवलेली तंबाखू, जिने आमच्याकडच्या बऱ्याच बायका दात घासतात. डबी अर्धी रिकामी. म्हणजे रोजची होती. गोठ्यात कोणी नसताना घासत असेल. मी गावातल्या बाप्यांच्या तोंडातला खर्रा ओळखायची आणि माझ्याच घरातली ही डबी मला माहीत नव्हती.

मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून पुन्हा बेरीज केली. वयाचा एक. रोजच्या तंबाखूचे दोन. मायचे दोन. पाच.

भासऱ्यांशी आमच्या घरात धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं तर मुलांकडून, नाही तर भिंतीकडे बघून. ते मिलमधून तसेच आले होते, अंगावर भुसा होता. ओसरीत माझ्यापासून थोडे लांब उभे राहिले. मग ते थेट माझ्याशी बोलले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू त गावभर बंद्याइचं बीपी पायतेस. हिचं काहून नाई पायलं?"

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. त्यांना वाटत होतं की यामागे काही तरी कारण असेल, आशांना काही तरी नियम असेल, घरच्यांचं बघायचं नाही असा, आणि मी तो सांगेन. मी पदर पुढे ओढला. ते आत निघून गेले.

जाऊ वाचली. पण उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात तिला फक्त हूं म्हणता यायचं. मग एकेक शब्द, तोही ओढून. तिला पाणी हवं असलं की ती भलताच शब्द बोलायची आणि मग आपल्याला चुकीचा शब्द आला हे तिला कळायचं आणि ती डोळे मिटून घ्यायची.

मी मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मला कामावरून काढतील. त्यांनी एवढंच विचारलं की असे न विचारता किती भरलेत. किती ते मला माहीत होतं. पावसात पुराचं पाणी रस्त्यावर आलं होतं तेव्हाचे काही, धानाच्या हंगामात लोक घरी सापडत नव्हते तेव्हाचे काही, आणि ज्या घरांशी माझं जाणंयेणं होतं त्यांचे जवळजवळ सगळे. आपल्याच माणसांना काय विचारायचं! मॅडम म्हणाल्या, उद्यापासून ते सगळे पुन्हा.

मी पुन्हा गेले. हिवाळाभर गेले. ज्या दारांत मी हसत जायची तिथे आता बाहेरूनच आवाज द्यायची. गावाला सगळं माहीत होतं. एका घरात म्हाताऱ्या बाईने स्पष्टच सांगितलं, आधी आपल्या घरचं पाहा, मग आमचं. तिचं बरोबरच होतं. तरी मी बसले, विचारलं, टेप काढली. चारच्या खाली ज्यांना मी लिहून मोकळी झाले होते त्यातले कितीतरी वर गेले, आणि ज्यांचे गुण खरोखरच कमी होते त्यांच्यातही मोजल्यावर बीपी निघालं. प्रत्येक वेळी मशीनवर आकडा चढायला लागला की मी हातातलं कार्ड बाजूला ठेवायची. त्या माणसाला काही त्रास नसायचा, तो हसत असायचा, मला म्हणायचा की मले काय धाड भरली. आणि मी त्याच्या पाया पडल्यासारखी विनवत बसायची की गोळी सोडू नका. रडायची सुद्धा. लोक गोळी घ्यायचे ते बहुतेक मला गप्प करायलाच.

घरी वेगळंच चाललं होतं. जाऊ माझ्या हातून गोळी घेत नव्हती. मी कुस्करून द्यायची, केळ्यात घालून द्यायची, ती ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवायची. भासरे पहाटे बसला जाण्याआधी देत, त्यांच्याकडून मुकाट्याने घ्यायची. दिवसातून एक वेळची गोळी, ती तर जात होती पोटात. पण संध्याकाळची दुसरी असायची आणि ते घरी नसायचे. मी वाटी घेऊन तिच्याजवळ बसायची आणि ती भिंतीकडे बघत असायची. घशात अडकते म्हणून घेत नसेल, असं मी स्वतःला समजावायची. मग वाटायचं, हिला सगळं कळलंय.

एका दुपारी तिच्या हाताला तेल चोळत असताना मी सांगून टाकलं. म्हटलं, बाई, तुमचा फॉर्म मी तुम्हाला न विचारता भरला. तुमच्या मायचं विचारलं नाही. डोकं दुखायचं तेव्हा गोळ्या देत राहिले. विचारलं असतं तर तुम्ही आज अशा पडला नसता.

तिने तोंड हलवलं. दोनदा अडली. एक शब्द चुकीचा आला, तो तिने टाकून दिला, आणि पुन्हा जुळवला.

"मी... म्हनलं होतं," ती म्हणाली.

एवढंच. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, एकाच बाजूने गालावर उतरलं. मी तिचा हात धरून बसले. ती माझा हात झटकू शकली नसती, कारण मी धरलेला हात उजवा होता. मला ते लक्षात आल्यावर मीच सोडला.

संध्याकाळची गोळी तिने त्या दिवशीही घेतली नाही. भासऱ्यांनी मिलमध्ये सांगून शेवटच्या बसऐवजी आधीच्या बसने यायला सुरुवात केली, तेव्हापासून ती दोन्ही गोळ्या घेते. माझ्या हातून आजही घेत नाही. जेवण घेते, अंघोळ घालू देते, केस विंचरू देते. गोळी नाही.

फाल्गुनात तिची मुलगी आली. ती मोहाडीला दिली आहे, सव्वीस वर्षांची. आईला बघायला, चार दिवसांसाठी आली होती. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिने कपाळ दाबून धरलं. मी विचारलं, काय होतं? म्हणाली, काही नाही काकू, मानेतून दुखून रायलं.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिशीच्या खालच्यांचा फॉर्म नसतो. तिला कोणी विचारलंच नसतं. मी तिला तशीच उठवली. ती म्हणाली, तुमी बी काय काकू, माहं वय काय. उपकेंद्र बंद होतं, मॅडम मिटींगला गेल्या होत्या. मी तिला बसमध्ये बसवून तिच्याच गावी, मोहाडीच्या दवाखान्यात घेऊन गेले. घरी सांगितलं की बाजाराला जातो. बसमध्ये ती माझ्यावर चिडली होती, आईच्या आजाराने काकूचं डोकं फिरलं आहे असं तिला वाटत होतं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

डॉक्टरांनी मोजलं. बसवून ठेवलं, पुन्हा मोजलं. एकशे साठ. दुसऱ्या दंडाला मोजलं, तेवढंच. त्यांनी आठवडाभर रोज येऊन मोजायला सांगितलं, लघवी-रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि म्हणाले, आजीचं, आईचं असं आहे म्हटल्यावर हे सोडायचं नाही.

बाहेर लिंबाखाली ती बाकावर बसली. आता चिडलेली नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती, बोटं उघडझाप करत होती, एकेक करून.

"मायले सांगू नका," ती म्हणाली.

आठवडाभर रोज तिच्यासोबत येईन असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. तिला तिच्या घरी सोडून मी परतीच्या बसने निघाले. घरी आले तेव्हा जाऊ खाटेवर टेकून बसली होती. दाराकडे बघत होती. मी एकटीच आत आले म्हणून तिने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड हलवायला लागली, आणि या वेळी शब्द पहिल्याच फटक्यात बरोबर आला.

"पोरगी?"

मी म्हटलं, तिच्या सासूचा फोन आला म्हणून आपल्या घरी गेली. चांगली आहे.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मी पाण्याची कळशी उचलून मागच्या दाराने बाहेर पडले.